यंत्र बंद पडलं की कुणाला बोलावतात?

दहावीचा निकाल लागला की आपल्या गटांच्या बैठकीत हप्त्याचा विषय बाजूला राहतो आणि 'पोरीला आता कशाला घालायचं' यावर बोलणं सुरू होतं. यंदा एका बैठकीत एक ताई म्हणाल्या, "आमची म्हणती आयटीआयला जायचं, इलेक्ट्रिशियन नाहीतर फिटर. तिचे वडील म्हणतात शिवणकाम घे. पाने-पक्कड घेऊन कारखान्यात फिरणं हे काय पोरीचं काम आहे का?" लगेच दोन तट पडले. कुणी म्हणालं, शिकू द्या. कुणी म्हणालं, हात काळे करून घ्यायला शिकवायचं का? भांडण झालं म्हणा ना थोडंसं. पण खरं सांगायचं तर, हे काम नेमकं असतं काय, हे दोन्ही तटांतल्या एकीलाही सांगता येत नव्हतं.

आमच्या पारनेर तालुक्यात सुप्याला एमआयडीसी आहे, शिरूरकडे गेलं की रांजणगावची लागते. आमच्या प्रभागातली एक मुलगी आयटीआय करून अशाच एका पॅकिंगच्या कारखान्यात देखभाल विभागात चार वर्षं काम करते आहे. तिच्याकडून आणि आयटीआयच्या निदेशकांकडून जे समजून घेतलं, ते आज तुम्हाला सांगते.

कारखान्यात यंत्रापाशी दोन प्रकारची माणसं असतात. एक यंत्र चालवणारी, त्यांना ऑपरेटर म्हणतात. दुसरी यंत्र चालतं ठेवणारी, म्हणजे मेंटेनन्सवाली. माल निघत असतो तोवर या दुसऱ्या माणसांकडे कुणाचं लक्ष जात नाही. यंत्र थांबलं की मात्र सगळे त्यांच्याच नावाने हाका मारतात. मग ते पाहतात की बिघाड विजेचा आहे, हवेचा आहे, तेलाचा आहे, की एखादा भाग झिजला आहे. मोटर, बेअरिंग, पट्टा, साखळी, गिअर, वाल्व्ह, सेन्सर, पॅनेलमधला काँटॅक्टर, असं सगळं त्यांच्याकडे येतं. फिटर हा यांत्रिक बाजू बघतो, इलेक्ट्रिशियन विजेची. लहान कारखान्यात एकालाच दोन्ही बघावं लागतं.

पण बंद पडलेलं यंत्र सुरू करणं हा या कामाचा अर्धाच भाग. उरलेलं काम यंत्र बंद पडू नये म्हणून करायचं असतं. त्या मुलीच्या पाळीची सुरुवात पानं फिरवण्याने होत नाही, वही वाचण्याने होते. आधीच्या पाळीत काय बिघडलं, काय बदललं, कशावर लक्ष ठेवायचं, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. मग ठरलेली फेरी. कोणत्या बेअरिंगला किती ग्रीस द्यायचं ते ठरलेलं असतं, कारण कमी दिलं तर ते झिजतं आणि जास्त ठासलं तरी तापतं. ही गोष्ट मला नवी होती. आपल्याला वाटतं, तेल-वंगण जितकं जास्त तितकं चांगलं! मोटरचा ताप बघायला एक हातात धरायचं तापमापक असतं. तिघींची विजेची तार, म्हणजे तीन फेज, सारखा भार घेतात की नाही, हे तारेभोवती चिमटा लावून मोजायचं. मोठ्या कारखान्यांत यंत्राची थरथरसुद्धा उपकरणाने मोजतात. बेअरिंग खराब व्हायला लागलं की ते तुटायच्या बरंच आधी थरथर आणि आवाज बदलतो.

तिने सांगितलेला एक प्रसंग मुद्दाम सांगते, कारण त्यातून या कामाला काय लागतं ते कळतं. पाकिटं बंद करणारं यंत्र होतं. तापलेल्या दोन पट्ट्या पाकिटाचं तोंड दाबतात आणि ते चिकटतं. आपल्या मसाल्याच्या गटात पायाने दाबायचं सीलिंग मशीन असतं, तसंच, फक्त मोठं आणि हवेच्या दाबावर चालणारं. एक दिवस पाकिटांची तोंडं सुटायला लागली. ऑपरेटरने ताप वाढवला. थोडा वेळ बरं चाललं, मग पाकिटं करपायला लागली. ताप कमी केला की पुन्हा तोंड सुटायचं. सगळ्यांनी ठरवलं की हीटर गेला, नवा मागवा.

हिने हीटर तपासला. तो ठीक होता. मग तिने यंत्राजवळचा हवेच्या दाबाचा काटा बघितला. तिथे सहा बार दाब लागतो, पण काटा त्याच्या खाली होता आणि हलत होता. कॉम्प्रेसरपाशी मात्र दाब पुरेसा होता. म्हणजे हवा वाटेत कुठेतरी जात होती. यंत्रं चालू असताना त्या गोंगाटात काहीच ऐकू येईना. ती चहाच्या सुट्टीपर्यंत थांबली. लाइन बंद झाली, शांत झालं, आणि एका वळणावर बारीक 'फिस्स' आवाज ऐकू आला. साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे आले. नळी घासून तडकली होती. वीतभर नळी बदलली, दाब आला, पाकिटं चिकटली. हीटर मागवावाच लागला नाही.

आता यात ताकद कुठे लागली? कुकरची रिंग गेली की शिट्टी होत नाही आणि कडेने वाफ जाते, तेव्हा आपण गॅस मोठा करत बसत नाही, रिंग बघतो. तसंच आहे हे. एकेक शंका तपासून बाजूला काढायची आणि पहिल्या अंदाजावर खर्च करायचा नाही. जड काम नसतंच असं मात्र नाही. मोटर उतरवणं, मोठा गिअरबॉक्स काढणं ही अंगमेहनतीची कामं आहेत. पण तीस-चाळीस किलोची वस्तू पुरुषानेही एकट्याने उचलू नये. त्यासाठी चेनपुली असते, ट्रॉली असते, दुसरा माणूस असतो. 'मी उचलतो' म्हणणारेच पुढे कंबर धरून बसलेले दिसतात.

आता आयांच्या मनातली खरी भीती. पोरीचा हात यंत्रात गेला तर? शॉक बसला तर? ही भीती योग्य आहे. घरात आपल्याकडे २३० व्होल्ट वीज येते. कारखान्याच्या तीन फेजच्या मोटारींना ४१५ व्होल्ट असते. तिथे धीट माणूस कामाचा नाही, रीत पाळणारा कामाचा.

ती रीत अशी. आधी ऑपरेटरला सांगायचं की मी या यंत्रावर काम करणार आहे. यंत्र बटणाने थांबवायचं. मग मुख्य स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, आणि आपलं नाव लिहिलेली पाटी अडकवायची. कुलपाची किल्ली स्वतःच्या खिशात. तिघंजण काम करत असतील तर तीन कुलपं, आणि प्रत्येकाने आपलं आपणच काढायचं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत स्विच वर जात नाही. कारखान्यात याला लॉकआउट-टॅगआउट म्हणतात. तरीही लगेच हात घालायचा नाही. वीज बंद केली तरी यंत्रात जोर शिल्लक असतो: नळीत हवा कोंडलेली असते, वर उचललेला भाग खाली पडू शकतो, कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. ते सगळं सोडायचं. मग सुरू करायचं बटण दाबून बघायचं की यंत्र खरंच सुरू होत नाही ना. मीटर लावून बघायचं की वीज खरंच नाही ना. आणि मग पाना हातात घ्यायचा.

हे ऐकून तुम्हाला आपल्या गावचा वायरमन आठवेल. जाणता वायरमन काम करताना मेन स्विच बंद करतो, किटकॅट फ्यूज काढतो आणि ते खिशात घालूनच पुढे जातो. ते किटकॅट म्हणजेच त्याचं कुलूप.

आणि बायांनो, हे फक्त कारखान्यापुरतं नाही. आपल्यापैकी कितीतरी गटांनी पिठाच्या गिरण्या, मिरची कांडप यंत्रं, शेवयाची यंत्रं घेतली आहेत. लाइट गेली की आपण काय करतो? "चला, तेवढ्यात साफ करून घेऊ" म्हणून झाकण उघडतो. स्विच तसाच चालू. लाइट परत आली तर? ज्या मोटारीला स्टार्टर आहे तिचा स्टार्टर वीज गेली की सुटतो आणि पुन्हा बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. पण साध्या स्विचवर चालणारी मोटर लाइट आल्या आल्या फिरायला लागते. विहिरीवरच्या मोटारीला ऑटोस्विच बसवलेला असतो, तिचंही तेच. म्हणून लाइट गेलेली असली तरी आधी स्विच बंद, प्लग बाहेर, मग झाकण. साडीचा पदर, ओढणी, सुटी वेणी, बांगड्या यांना पट्ट्याजवळ जागा नाही. पट्ट्यावरची जाळी 'सारखी काढावी लागते' म्हणून कायमची काढून ठेवलेल्या गिरण्या मी पाहिल्या आहेत. ती जाळी आजच्या आज परत बसवा.

या विषयात कायदाही बघू. १९४८ च्या कारखाने कायद्यात असं कलम घातलं होतं की चालू असलेल्या यंत्राच्या फिरत्या भागाची सफाई, वंगण किंवा जुळवणी बाईकडून करून घ्यायची नाही. चालत्या यंत्राजवळ जाऊन तपासणी करायची वेळ आलीच, तर ती खास शिकवलेल्या प्रौढ पुरुष कामगाराने, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून करायची. हेतू इजा होऊ नये हाच होता. पण माझं मत विचाराल तर, त्याचा अर्थ आपल्या समाजाने 'चालत्या यंत्राला' असा न घेता 'यंत्रालाच बाईने हात लावायचा नाही' असा घेतला. थांबवून कुलूप लावलेलं यंत्र दुरुस्त करायला त्या कलमाची आडकाठी नव्हती. त्याच कायद्यात बायकांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा कारखान्यात काम करायला मनाई होती. महाराष्ट्रात २०१५ च्या दुरुस्तीने सुरक्षेच्या अटी घालून रात्रपाळीची वाट मोकळी झाली. २०२० साली संसदेने केलेल्या नव्या कामगार संहितेतही बाईची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था या अटींवर रात्रीचं काम मान्य केलं आहे. संमती हा शब्द ध्यानात ठेवा. रात्रपाळी लादली गेली तर बोलता आलं पाहिजे.

आता एक गंमत सांगते. जपानमध्ये सेइची नाकाजिमा यांनी १९७० च्या सुमारास कारखान्यांसाठी एक पद्धत पुढे आणली. तिला टीपीएम म्हणतात. आपल्याकडच्या एमआयडीसीतल्या कितीतरी कारखान्यांच्या भिंतींवर तिचे तक्ते लावलेले असतात. त्यातली पहिली शिकवण काय? यंत्र रोज पुसा, वंगण द्या, सैल झालेलं आवळा आणि डोळ्यांनी तपासा. पुसणं म्हणजे चकचकीत करणं नव्हे. हात सगळीकडे फिरला की सैल नट कळतो, तेलाचा थेंब दिसतो, तडा सापडतो. भांडी घासताना कढईचा कान हलतो आहे हे कुणाला कळतं? घासणाऱ्याला! दुरून बघणाऱ्याला नाही. जे शिकवायला कारखाने मोठमोठे वर्ग घेतात, त्याची सवय आपल्या पोरींच्या हाताला घरात लागलेली असते. फक्त घरात तिला कुणी कौशल्य म्हणत नाही आणि तिचा पगार मिळत नाही.

लिहिण्याचंही तसंच. आपला गट पंचसूत्री पाळतो, लेखे दर बैठकीला पूर्ण करतो. मग गिरणीची वही का नाही? कोणत्या तारखेला पट्टा बदलला, कोणत्या महिन्यात बेअरिंग गेलं, मेकॅनिकने किती घेतले. एका गटाच्या गिरणीचा पट्टा सारखा तुटत होता. दर वेळी नवा आणायचा. तारखा लिहायला लागल्यावर लक्षात आलं की पट्टे पूर्वीपेक्षा लवकर जात आहेत. मग पट्टा का तुटतो हे शोधलं. एका कडेनेच झिजत होता. का? मोटरची पुली आणि गिरणीची पुली एका रेषेत नव्हत्या. का? मोटर सरकली होती. का? पायाचे बोल्ट ढिले झाले होते. बोल्ट आवळले, दोन्ही पुलींना दोरी ताणून रेष धरली, आणि पट्टा टिकला. देखभालीतला माणूस हेच 'का, का, का' विचारतो. जो नुसताच पट्टा बदलून पैसे घेऊन जातो, तो महिन्याने पुन्हा येणारच!

एक लहानसं जाता जाता सांगते. मोटर नुसती घुं घुं करते आणि फिरत नाही, असं झालं तर ताबडतोब बंद करा. घरगुती एक फेजची मोटर असेल तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. तीन फेजची असेल तर एखादा फेज आलेला नसतो. 'सुरू होईल आता' म्हणत तशीच धरून ठेवली तर मोटर जळते, आणि मग रिवाइंडिंगचा खर्च गटाच्या बोकांडी बसतो. स्टार्टर वारंवार सुटत असेल तर तो काडी लावून अडकवू नका. तो तुमची मोटर वाचवतो आहे.

पुन्हा मुलींकडे येते. या कामातल्या अडचणी झाकून ठेवणार नाही. देखभाल विभागात ती बहुधा एकटीच मुलगी असेल. स्वच्छतागृह लांब असेल. पहिल्या वर्षी तिच्या हातातला पाना काढून घेणारे भेटतील: "दे इकडे, तुला नाही जमायचं." कधी ते प्रेमाने म्हणतात, कधी टोचून. पण परिणाम एकच, तिला शिकायलाच मिळत नाही. आमच्या प्रभागातल्या त्या मुलीने काय केलं, तर ती म्हणायची, "दादा, तुम्ही सांगा, करते मीच." वरिष्ठ चांगले होते, त्यांनी तिला पॅनेलच्या कामावर घेतलं. सगळीकडे तसे वरिष्ठ भेटतीलच असं नाही. कुणी त्रास दिला तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. तिची पाटी कुठे आहे, सदस्य कोण आहेत, हे पहिल्याच आठवड्यात बघून ठेवायचं.

दुसरी अडचण नोकरीच्या टिकण्याची. बऱ्याच जणींना आधी ॲप्रेंटिस म्हणून घेतात, आणि मुदत संपली की 'या आता' म्हणतात. ठेकेदाराकडून कामाला लावलं तर कारखाना म्हणतो आमची नाही, ठेकेदार म्हणतो उद्यापासून नको. हे होतं. म्हणून कामाला लागताना नेमणुकीचं पत्र कुणाच्या नावाचं आहे, पगाराची पावती मिळते का, पीएफचा क्रमांक आणि ईएसआयचं कार्ड आहे का, हे मुलीसोबत जाऊन विचारा. लाजू नका. गटाचं कर्ज देताना आपण जामीन बघतो ना?

शिक्षणाची वाट तशी सरळ आहे. दहावीनंतर आयटीआयला फिटर आणि इलेक्ट्रिशियन हे दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. मराठी कागदपत्रांवर यांची नावं जोडारी आणि वीजतंत्री अशी असतात, वायरमनला तारतंत्री म्हणतात. यादीत 'जोडारी' वाचून एक ताई म्हणाल्या, हे पत्रिका जुळवण्याचं काम दिसतंय! तर तसं नाही, फिटरच तो. आयटीआय झाल्यावर १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करता येते, त्याचं विद्यावेतन मिळतं, आणि शेवटी परीक्षा होऊन वेगळं प्रमाणपत्र मिळतं. पुढे शिकायचं असेल तर दोन वर्षांच्या आयटीआयवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. म्हणजे ही वाट पुढे बंद होत नाही.

गणिताची भीती असेल तर एवढंच सांगते की इथे रोजचं मोजमाप लागतं. मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचता यावा लागतो. विजेचा नकाशा वाचता यावा लागतो. तो नकाशा पहिल्यांदा रांगोळीसारखा दिसतो, सहा महिन्यांत वाचता येतो, असं ती मुलगी म्हणते. आता तर पीएलसी नावाचा छोटा संगणक यंत्र चालवतो, त्याला लॅपटॉप जोडून कुठला सेन्सर बोलत नाही ते शोधतात. ज्या मुलीला नुसतं पाठ करायचा कंटाळा आहे पण बिघडलेला मिक्सर उघडून बघावासा वाटतो, तिला हे काम आवडेल. जिला ते मुळीच आवडत नाही, तिला पगारासाठी ढकलू नका. शिवणकाम आवडणाऱ्या मुलीने शिवणकामच घ्यावं, त्यात कमीपणा नाही.

प्रवेश ऑनलाइन असतात. राज्याचं व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय दहावीच्या निकालानंतर अर्ज मागवतं. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, अधिवासाचा दाखला आणि लागू असेल तर जातीचा दाखला जवळ ठेवा. जातीच्या दाखल्याला वेळ लागतो, तो निकालाची वाट न बघता आधीच काढायला टाका. पसंतीक्रम भरताना मुलीला शेजारी बसवा. सायबर कॅफेवाला भरेल तो ट्रेड आपला, असं करू नका. आणि अर्ज भरायच्या आधी एक दिवस मुलीला घेऊन तालुक्याच्या आयटीआयला जाऊन या. कार्यशाळा उघडी असते, निदेशक दाखवतात. मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, वर्गात आणखी मुली किती आहेत, एसटीची वेळ जुळते का, आणि कोणते कारखाने इथून ॲप्रेंटिस घेतात, हे चारही प्रश्न तिथेच विचारा. पुढच्या सोमवारी आमच्या प्रभागातल्या सात मुली आणि त्यांच्या आया जाणार आहेत. वडिलांनाही बोलावलं आहे, तिघांनी येतो म्हटलंय. ज्यांना यायचं आहे त्यांनी आपल्या गटाच्या अध्यक्षांकडे रविवारपर्यंत नाव द्यावं, म्हणजे गाडीचं ठरवता येईल.